टी. एस. आणि तीस टक्के

हृदय हा शब्द आम्ही गेली वीस-बावीस वर्षे वर्गात उच्चारत आलो आहोत. सहृदय, हृद्य, हृद्गत, हृदयंगम असा त्याचा सगळा गोतावळा आमच्या परिचयाचा. काव्यशास्त्राच्या तासाला ‘सहृदय’ समजावून सांगताना आमच्यापैकी प्रत्येकाचा हात केव्हा ना केव्हा छातीच्या डाव्या टोकाला गेलेला आहे. (हृदय प्रत्यक्षात उरोस्थीच्या मागे, जवळजवळ मध्यावर असते आणि डावीकडे केवळ कललेले असते, हे आम्हांला चाळिशी उलटल्यावर, आणि तेही एका सहकाऱ्याच्या आजारपणात कळले.) तेव्हा हृदयरोगतज्ज्ञाच्या शिक्षणाविषयी आणि व्यवसायाविषयी लिहिण्याचा आमचा अधिकार तसा शून्यच. तरीही लिहितो आहोत. या व्यवसायाचा बराच मोठा भाग भाषेत घडतो आणि तिथल्या चुकाही पुष्कळदा भाषेच्याच असतात, असे आमचे मत झाले आहे. आणि भाषेच्या चुका काढणे हे तर आमचे पोटापाण्याचे काम.

निमित्त झाले ते बर्नार्ड लाउन या अमेरिकन हृदयरोगतज्ज्ञाच्या ‘द लॉस्ट आर्ट ऑफ हीलिंग’ या १९९६ सालच्या पुस्तकाचे. लाउन यांचा जन्म १९२१ सालचा, लिथुआनियातला. १९३५ मध्ये ते कुटुंबासह अमेरिकेत आले, १९४५ मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातून वैद्यकीची पदवी घेऊन बाहेर पडले आणि पुढे बोस्टनला स्थिरावले. बिघडलेली हृदयगती ताळ्यावर आणण्यासाठी पूर्वी प्रत्यावर्ती वीजप्रवाहाचा झटका देत असत. तो धोक्याचा होता. त्याऐवजी एकदिश प्रवाह, आणि तोही ठोक्याच्या नेमक्या क्षणी द्यावयाचा, ही पद्धत त्यांनी १९६० नंतरच्या दोन-तीन वर्षांत रूढ केली. आज रुग्णालयांच्या अतिदक्षता विभागात जे डिफिब्रिलेटर दिसतात त्यांची मूळ कल्पना ती. अण्वस्त्रांविरुद्ध त्यांनी सोव्हिएत हृदयरोगतज्ज्ञ येवगेनी चाझोव्ह यांच्या साथीने डॉक्टरांची आंतरराष्ट्रीय संघटना उभी केली आणि तिला १९८५ चे शांततेचे नोबेल मिळाले. ऑस्लोतल्या त्या समारंभापूर्वीच्या पत्रकार परिषदेत एका रशियन पत्रकाराचे हृदय बंद पडले, आणि दोन महासत्तांचे हे दोन डॉक्टर व्यासपीठावरून उतरून त्याची छाती दाबू लागले. तो वाचला. एखाद्या कादंबरीकाराने हा प्रसंग लिहिला असता तर ‘फारच जुळवून आणलेला’ असा शेरा आम्हीच मारला असता. लाउन २०२१ च्या फेब्रुवारीत, शंभरीला काही महिने उरले असताना गेले.

एवढे यंत्रज्ञान ज्याच्या नावावर आहे त्या माणसाने उतारवयात लिहिलेल्या पुस्तकात यंत्रांपेक्षा शब्दांविषयीच अधिक लिहावे, हे आम्हांला महत्त्वाचे वाटते. त्यातल्या दोन हकीकती येथे आमच्या शब्दांत सांगतो.

पहिली त्यांच्या उमेदवारीच्या काळातली. बोस्टनच्या पीटर बेंट ब्रिगम रुग्णालयात ते सॅम्युएल लेव्हाइन यांच्या हाताखाली शिकत होते. लेव्हाइन हे त्या पिढीतले नाणावलेले हृदयरोगतज्ज्ञ, रुग्णांवर मनापासून माया करणारे. त्यांच्याकडे एक मध्यमवयीन बाई बरीच वर्षे येत असत. व्यवसायाने ग्रंथपाल. त्यांच्या हृदयाच्या उजव्या बाजूची त्रिदली झडप आकुंचन पावलेली होती. पायांवर सूज असे, पण घर आणि नोकरी त्या सांभाळत होत्या. या आजाराचे नाव ‘ट्रायकस्पिड स्टेनोसिस’. डॉक्टरांच्या आपसांतल्या बोलण्यात नुसते ‘टी. एस.’. त्या दिवशी लेव्हाइन शिष्यांच्या घोळक्यासह आले, बाईंची आपुलकीने विचारपूस केली, मग शिष्यांकडे वळून या बाईंना टी. एस. आहे एवढे म्हणाले आणि पुढच्या खाटेकडे गेले. थोड्याच वेळात बाईंना धाप लागली, घाम फुटला, नाडी भयंकर वाढली. आधी स्वच्छ असलेल्या फुप्फुसांत पाणी साचल्याचे आवाज येऊ लागले. लाउन यांनी विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, मला डॉक्टरांनी ‘टर्मिनल सिच्युएशन’ म्हटले आहे. माझे आता संपले. लाउन यांना प्रथम हसूच आले. त्यांनी त्या दोन अक्षरांचा खरा अर्थ उलगडून सांगितला, परोपरीने सांगितला. बाईंचा विश्वास बसला नाही. धाकटा डॉक्टर आपली समजूत घालतो आहे, असेच त्यांना वाटत राहिले. त्याच दिवशी त्या गेल्या.

दुसरी हकीकत याच्या अगदी उलट. हृदयविकाराच्या मोठ्या झटक्यानंतर एक गृहस्थ अत्यवस्थ होते. त्यांच्या हृदयाचा तिसरा ध्वनी मोठ्याने ऐकू येत होता. दोनाऐवजी तीन ध्वनी एकामागोमाग ऐकू आले म्हणजे घोड्याच्या टापांसारखा ताल धरतो. म्हणून वैद्यकीत त्याला ‘गॅलप’, अर्थात घोडदौड म्हणतात. थकत चाललेल्या हृदयाची ती वाईट खूण. लाउन यांनी सहकाऱ्यांना, याची घोडदौड चांगली ठणठणीत ऐकू येते आहे, अशा अर्थाचे काहीतरी सांगितले. गृहस्थ सुधारले आणि घरी गेले. पुढे काही महिन्यांनी त्यांनीच उलगडा केला की, घोडा जर असा ठणठणीत दौडत असेल तर हृदयात अजून दम आहे, म्हणजे आपण मरत नाही, हे त्या सकाळी त्यांच्या ध्यानात आले.

समीक्षेच्या अभ्यासकाने येथे थांबून काही शंका घ्याव्यात हे रास्तच. निवेदक विश्वसनीय आहे काय? पुस्तक घटनेनंतर सुमारे चाळीस वर्षांनी आलेले आहे. लाउन हे जातिवंत कथेकरी आहेत. आणि दोन हकीकती एकमेकींच्या इतक्या चोख उलट असाव्यात, यात स्मृतीने थोडी शिवणटिपण केली नसेल असे छातीठोकपणे सांगता येत नाही. शिवाय त्या ग्रंथपाल बाई मुळात आजारी होत्याच. त्यांच्या मृत्यूला दोन अक्षरे कारण झाली की आधीच जीर्ण झालेल्या हृदयाला भीतीचा एवढा भार पेलला नाही, हे आज कोण ठरवणार? आम्हांला तर या हकीकतीतून ‘चांगला विचार करा, बरे व्हाल’ छापाचा निष्कर्ष काढणाऱ्यांचा धसकाच वाटतो. सकारात्मक विचारांची पुस्तके विकणारे लाउन यांना आपल्या रांगेत उभे करतील. पण ते त्या रांगेतले नव्हेत. त्यांचे म्हणणे अधिक साधे आणि अधिक कठोर आहे. खाटेशी उच्चारलेला शब्द औषधासारखाच शरीरात जातो, त्याची मात्रा असते, आणि तो कोणाच्या पोटात कसा लागू पडेल याची जबाबदारी बोलणाऱ्याची असते. शब्दाचा अर्थ उच्चारणाऱ्याच्या मनात नसतो, तो ऐकणाऱ्याच्या ठिकाणी घडतो, हे आम्ही वाचकलक्ष्यी समीक्षेच्या नावाने एम. ए.च्या वर्गाला शिकवतो. त्यावरच्या प्रश्नाचे उत्तर चुकले तर विद्यार्थ्याचे गुण जातात, फार तर.

लेव्हाइन यांच्या वाट्याला या हकीकतीत आलेली भूमिका त्यांच्यावर अन्याय करणारी आहे, म्हणून त्यांच्याविषयी दोन गोष्टी सांगितल्या पाहिजेत. पहिली त्यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या खुणेची. हृदयाला रक्त कमी पडून छातीत दुखते तेव्हा नेमके कुठे आणि कसे दुखते हे सांगताना पुष्कळ रुग्ण बोट ठेवत नाहीत. मूठ आवळून ती छातीच्या मध्यावर धरतात. वर्षानुवर्षे रुग्णांकडे पाहत राहिल्याने लेव्हाइन यांनी ही मूठ टिपली. तिच्यावर विसंबून निदान करता येत नाही हे पुढे दिसून आले आहे, पण आजही वैद्यकीचा विद्यार्थी ‘लेव्हाइनची खूण’ पाठ करतो. शब्द सुचण्याआधी रुग्णाचा हात बोलून जातो आणि तो अभिनय पाहायला डॉक्टर तिथे हजर असावा लागतो, डोळे कागदात नसलेला.

दुसरी गोष्ट खुर्चीची. त्या काळी हृदयविकाराचा झटका आलेल्याला चार ते सहा आठवडे खाटेवर सपशेल आडवे ठेवीत. कूस बदलायची नाही, हाताने जेवायचे नाही. यात पुष्कळ माणसे झटक्याने न जाता पडून राहिल्याने जात. पायांतल्या शिरांत गुठळ्या होत आणि फुप्फुसांत जाऊन अडकत. लेव्हाइन यांचे मत पडले की या माणसांना आरामखुर्चीत बसवावे. काम लाउन यांच्याकडे आले. रुग्णालयातल्या तरुण डॉक्टरांनीच कडाडून विरोध केला, कारण त्यांच्या दृष्टीने ही हत्याच होती. दोघांनी ८१ रुग्णांना खुर्चीत बसवून त्यांचा वृत्तान्त १९५२ साली प्रसिद्ध केला, आणि काही वर्षांत जगभरातली ती सक्तीची शय्या सुटली. यात ना नवे औषध होते ना यंत्र. खुर्चीत बसलेला माणूस स्वतःला मरणपंथाला लागलेला समजत नाही, हा भागही त्यात होताच. खाट आणि खुर्ची यांचीही एक भाषा असते.

लाउन यांच्या घडणीत आणखी एक गोष्ट आम्हांला नजरेआड करता येत नाही. हॉपकिन्सला विद्यार्थी असताना रक्तपेढीत गोऱ्यांचे आणि कृष्णवर्णीयांचे रक्त वेगळे ठेवण्याची प्रथा होती. ती न पाळल्याबद्दल त्यांना काही काळ काढून टाकण्यात आले होते. बाटलीवरची चिठ्ठी हे सत्य नव्हे, हे विद्यार्थिदशेतच उमगलेल्या माणसाला पुढे रुग्णाच्या कागदावरच्या चिठ्ठीकडेही संशयाने पाहता आले असावे. याच हॉपकिन्समध्ये त्या वर्षांत हेलन टाउसिग जन्मजात हृदयदोष असलेल्या मुलांवर काम करीत होत्या. त्यांना ऐकू येणे जवळजवळ बंद झाले होते. छातीला नळी लावून ऐकणे हा ज्या विद्येचा श्रीगणेशा, त्या विद्येत ही बाई बोटांच्या टोकांनी हृदय ‘ऐके’. आपल्याकडच्या पहिल्या स्त्री-हृदयरोगतज्ज्ञ डॉ. शिवरामकृष्ण अय्यर पद्मावती यांनी पुढे याच टाउसिगबाईंच्या हाताखाली शिक्षण घेतले. ब्रह्मदेशात जन्मलेल्या, युद्धात तिथून निघावे लागलेल्या पद्मावती १९५३ मध्ये दिल्लीला आल्या आणि लेडी हार्डिंग महाविद्यालयात त्यांनी हृदयरोगाचा विभाग उभा केला. २०२० साली, वयाच्या १०३ व्या वर्षी, करोनाने त्यांचे निधन झाले.

आता आपल्याकडे येऊ. आपल्या देशात एखाद्याला हृदयरोगतज्ज्ञ व्हायचे तर साडेचार वर्षे एम. बी. बी. एस., एक वर्ष इंटर्नशिप, तीन वर्षे एम. डी. आणि तीन वर्षे डी. एम.; मध्ये एकेका प्रवेशपरीक्षेसाठी गळणारी वर्षे वेगळीच. बारावीनंतर किमान साडेअकरा वर्षे. आमच्या पीएच. डी.च्या रडगाण्याला यापुढे तोंड उघडायला जागा नाही. या साडेअकरा वर्षांत तो इको करायला शिकतो, मांडीच्या किंवा मनगटाच्या धमनीतून तार घालून हृदयाच्या रक्तवाहिन्यांपर्यंत पोचायला शिकतो, मध्यरात्री दोन वाजता तिथे स्टेंट बसवायला शिकतो. हृदयविकाराचा खरा झटका आलेला असताना ही विद्या अक्षरशः जीव वाचवते आणि तिथे मिनिटे मोजायची असतात. त्या वेळी सावकाश गप्पा मारत बसणारा डॉक्टर कोणालाही नको. हे आधीच स्पष्ट करतो, कारण डॉक्टरांवर लिहिलेला मराठी लेख हटकून ‘पूर्वीचे डॉक्टर देवमाणूस होते’ या खड्ड्यात जाऊन पडतो.

आमचा प्रश्न उरलेल्या रुग्णांविषयीचा आहे, जे चालत येतात आणि ज्यांच्याशी बोलायला वेळ असतो, किंवा असायला हवा. १९७५ साली इंग्लंडमध्ये बाह्यरुग्ण विभागातल्या ८० नव्या रुग्णांचा एक अभ्यास झाला. त्यांपैकी ६६ जणांचे अखेरचे निदान, रुग्णाने सांगितलेली हकीकत आणि आधीच्या डॉक्टरची चिठ्ठी एवढ्यावरून झालेल्या निदानाशी जुळले. आणि १९८४ सालच्या एका अमेरिकन अभ्यासात असे आढळले की, रुग्ण आपले गाऱ्हाणे सांगू लागला की डॉक्टर त्याला सरासरी १८ सेकंदांत तोडतो. हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहावेत. (आमच्या तासाला विद्यार्थी उत्तर देऊ लागला की आम्ही त्याला किती सेकंदांत तोडतो, याचा अभ्यास अद्याप कोणी केलेला नाही, ही देवाची कृपा.)

आणि मराठी रुग्ण आपली हकीकत सांगतो ती कोणत्या भाषेत? छातीत कळ येते, छाती भरून येते, छातीवर कोणी बसल्यासारखे होते, धडधडते, जीव घाबरा होतो, जीव वरखाली होतो, अंधारी येते, पोटात गोळा उठतो, आणि सगळ्यांत घातक म्हणजे ‘गॅस झालाय’. यातल्या प्रत्येक शब्दप्रयोगात वैद्यकीय माहिती दडलेली आहे. ‘कळ येते’ आणि ‘भरून येते’ यांत डॉक्टरने फरक केला पाहिजे. ‘भरून येते’ म्हणणारी बाई रडू येण्याविषयी बोलते आहे की दडपणाविषयी, हे विचारले पाहिजे. ‘जीव घाबरा होतो’ यात हृदयाची गती बिघडलेली असू शकते, नुसती काळजी असू शकते, दोन्ही असू शकते. ‘काळीज’ या शब्दाची तर मौजच आहे. ते धडधडते, फाटते, तुटते, गलबलते म्हणून आम्ही त्याला हृदय समजतो, आणि खाटकाच्या दुकानात काळीज मागितले तर तो यकृत देतो. ज्या भाषेत अवयवांच्या सीमा अशा धूसर आहेत, त्या भाषेतल्या माणसाची हकीकत ज्याने लिहून घ्यायची, त्याचे सगळे शिक्षण इंग्रजीत होते. तो ऐकतो मराठीत आणि लिहितो इंग्रजीत. ‘छाती भरून येते’ कागदावर उतरते तेव्हा तिथे ‘चेस्ट पेन’ एवढेच उरलेले असते. भाषांतरात काय काय सांडते यावर आमच्या विभागात परिसंवाद होतात. इथे ते रोज सकाळी नऊपासून सांडत असते.

उलट दिशेच्या प्रवासात तर याहून वाईट घडते. याचा अनुभव आम्ही घेतला आहे.

२०१४ साली आमच्या महाविद्यालयातले इतिहासाचे एक ज्येष्ठ प्राध्यापक धाप लागते म्हणून रुग्णालयात दाखल झाले. (रुग्णालयाचे नाव घेण्यात अर्थ नाही, अन्यत्रही हेच घडले असते.) सकाळच्या फेरीत एका तरुण डॉक्टरने खाटेच्या पायथ्याशी उभे राहून दुसऱ्याला सांगितले, हार्ट फेल्युअर, ई. एफ. थर्टी. आणि ते पुढे गेले. सरांना इंग्रजी येत नव्हते असे नाही; उत्तम येत होते, हीच अडचण. मराठीत ‘हार्टफेलने गेला’ म्हणजे जागच्या जागी गेला. वर्तमानपत्रांतल्या निधनवार्तांनी हा अर्थ आमच्या पिढ्यांच्या मनावर कोरला आहे. वैद्यकीत मात्र हार्ट फेल्युअर म्हणजे हृदय बंद पडणे नव्हे. त्याची रक्त पुढे ढकलण्याची ताकद उणावणे. त्यावर औषधे आहेत आणि ती घेऊन माणसे वर्षानुवर्षे जगतात. आणि ई. एफ. म्हणजे हृदयाच्या डाव्या कप्प्यात भरलेल्या रक्तापैकी एका ठोक्यात बाहेर पडणाऱ्या रक्ताचे शेकडा प्रमाण.

आम्ही भेटायला गेलो तेव्हा सर म्हणाले, ‘‘तीस पडले. पस्तीसला पास.’’

आम्ही हसलो. सरांचा विनोदी स्वभाव सर्वश्रुत होता. मग त्यांनी विचारले, ‘‘फेल म्हणजे नेमकं काय हो?’’ आम्ही तिघे, मराठीचे एम. ए., शब्दशक्तीवर व्याख्याने देणारे, अभिधा-लक्षणा-व्यंजना मुखोद्गत असलेले. आम्ही म्हणालो, ‘‘काही नाही सर, घाबरू नका.’’ मराठी भाषेत याहून पोकळ वाक्य नसेल. ‘घाबरू नका’ या शब्दांतून ऐकू येते ते एवढेच की घाबरण्यासारखे काहीतरी आहे आणि ते आम्ही सांगणार नाही. डॉक्टरला पुन्हा बोलावून, सरांना हे समजावून सांगा, असे म्हणण्याचेही आमच्यापैकी कोणाला सुचले नाही. फेरी आटोपली होती. आम्हांला साडेअकराचा तास होता.

घरी आल्यावर सरांनी पासबुके मुलाच्या स्वाधीन केली. जिना चढणे बंद केले, मग फिरणे, मग बोलणेही. एकेकाला बोलावून पुस्तके वाटून टाकली. राजवाड्यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे जुने, पिवळे पडलेले खंड आमच्यात वाटले गेले. आम्ही ते घेतले. नको म्हणणे म्हणजे त्यांच्या मरणाविषयी वाद घालणे झाले असते, असे आम्ही तेव्हा एकमेकांना सांगितले.

म्हणून कोणी ‘संवादकौशल्य’ हा विषय अभ्यासक्रमात घातला पाहिजे असे म्हणाले की आम्ही मान डोलावतो, पण अर्धीच. २०१९ पासून आपल्याकडच्या एम. बी. बी. एस. अभ्यासक्रमात वृत्ती, नीतिविचार आणि संवाद यांचा एक भाग समाविष्ट झालेला आहे. ‘एटकॉम’ या नावाने विद्यार्थी त्याला ओळखतात. चांगलेच झाले. परंतु एखादी गोष्ट अभ्यासक्रमात गेली की तिचे काय होते, हे आमच्याइतके कोणाला ठाऊक असणार? ‘सहानुभूतीवर टीप लिहा’ असा प्रश्न आला की गाइड निघतेच. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात डॉ. रीटा शॅरन यांनी २००० च्या सुमारास कथनाधिष्ठित वैद्यकाचा उपक्रम सुरू केला. त्या स्वतः डॉक्टर आणि हेन्री जेम्सच्या अभ्यासक. डॉक्टरांनी कथा बारकाईने वाचाव्यात, म्हणजे रुग्णाची कथा बारकाईने ऐकता येईल, असे त्यांचे प्रतिपादन. आमच्या बिरादरीतले काही जण हे वाचून हरखून जातात: चला, आपल्या विषयाचा उपयोग सापडला! आम्ही तितके हरखत नाही. कथा बारकाईने वाचण्यात हयात घालवलेले तिघे त्या खाटेपाशी काय करू शकले, ते वर सांगितलेच आहे. वाचनाने माणूस आपोआप ऐकता होत नाही. ते वेगळे शिकावे लागते, आणि कोणीतरी ते करताना प्रत्यक्ष पाहावे लागते, जसे लाउन यांनी लेव्हाइन यांना पाहिले, त्यांच्या चुकीसकट.

भीतीच्या भाषेचा एक व्यापारी उपयोगही आहे, त्याविषयी थोडेसे. ‘छातीत टाइमबाँब घेऊन फिरताय’ या वळणाची वाक्ये अमेरिकन डॉक्टर रुग्णांना कशी ऐकवतात, हे लाउन यांनी संतापून नोंदवले आहे. मराठीतली तत्सम वाक्ये वाचकांनी ऐकलीच असतील: नव्वद टक्के ब्लॉक आहे, उद्यावर टाकू नका, सही करा. प्रकृती स्थिर असलेल्या रुग्णांबाबत ही घाई सरसकट समर्थनीय नाही. लाउन यांच्या सहकाऱ्यांनी, ज्यांना अँजिओग्राफी करण्याचा सल्ला मिळाला होता अशा १६८ जणांना दुसरे मत दिले. सुमारे ८० टक्क्यांना ती लगेच करण्याची गरज नाही असे ठरले आणि त्यांची प्रकृती नंतरही चांगली राहिली. हा अभ्यास १९९२ सालचा. पुढे २००७ मध्ये ‘करेज’ आणि २०२० मध्ये ‘इस्केमिया’ या मोठ्या चाचण्यांनी दाखवले की, दुखणे स्थिर असेल तर योग्य औषधोपचारांच्या जोडीला स्टेंट बसवल्याने मृत्यू टळण्याचे प्रमाण वाढत नाही. छातीतले दुखणे मात्र पुष्कळांचे कमी होते, आणि तो लाभ क्षुल्लक नव्हे. भारत सरकारने फेब्रुवारी २०१७ मध्ये स्टेंटच्या किमतीवर मर्यादा घातली, औषधलेपित स्टेंट २९,६०० रुपये आणि साधा ७,२६० रुपये, तेव्हा पूर्वीच्या बिलांची आठवण होऊन घरोघर जो हिशेब मांडला गेला तो मांडणाऱ्यांत आम्हीही होतो. पण किंमत बांधता येते, वाक्य बांधता येत नाही. ‘उद्यावर टाकू नका’ या वाक्यात वैद्यकीय मत किती आणि भीती किती, हे ऐकणाऱ्याला कळायला काही मार्ग नसतो. त्याने मूठ छातीवर आवळलेली असते.

डॉक्टरांची बाजू नाही असे नाही. जिल्ह्याच्या ठिकाणी एका सकाळी शंभर रुग्ण पाहणाऱ्याला लाउनसारखा तासभर देता येणार नाही. बोलण्याचे पैसे मिळत नाहीत, तार घालण्याचे मिळतात, ही व्यवस्था त्याने एकट्याने उभारलेली नाही. आणि अलीकडे रुग्णाचे नातेवाईक काठ्या घेऊन येतात, त्यामुळे सगळ्यांत वाईट शक्यता आधीच सांगून मोकळे व्हावे असे त्याला वाटले तर नवल नाही. हे सगळे मान्य. तरीही ‘टी. एस.’ म्हणायला जितका वेळ लागतो त्याहून दहा सेकंद अधिक, एवढेच त्या खाटेशी हवे होते.

सरांना दोन महिन्यांनी तपासणीसाठी नेले तेव्हा आमच्यापैकी एक जण सोबत होता. या खेपेला डॉक्टर दुसरे होते. पन्नाशीचे, चेहऱ्याने थकलेले. त्यांनी फाइल बाजूला ठेवून खुर्ची सरांच्या दिशेने वळवली आणि पहिला प्रश्न विचारला, रात्री किती उशा घेऊन झोपता? सर गोंधळले. आडवे झाल्यावर धाप लागणारा माणूस नकळत उशा वाढवत जातो, हे त्यांनी समजावले. तीन, सर म्हणाले. मग आठवून, गेल्या आठवड्यापासून दोन. डॉक्टरांनी ते लिहून घेतले. शिकवायचे काय, वर्ग कितव्या मजल्यावर, जिन्यात मध्ये थांबावे लागायचे का, हे विचारले. शेवटी सरांनीच विषय काढला, ‘‘तीसच आहेत ना अजून?’’

‘‘तीस शंभरपैकी नाहीत, सर. चांगल्या हृदयाचे साठच्या आसपास असतात. शंभर कोणालाच नसतात.’’

सरांनी मनातल्या मनात हिशेब केला असावा. ‘‘म्हणजे पन्नास टक्के,’’ ते म्हणाले. ‘‘सेकंड क्लास.’’

‘‘आणि हा निकाल शेवटचा नाही. औषधांनी पुष्कळांचा आकडा वर सरकतो.’’

सगळे मिळून आठ-नऊ मिनिटे झाली असतील. बाहेर रांग तशीच होती.

पुढच्या सत्रात सर शिकवायला आले. त्यांचा वर्ग तळमजल्यावर घेतला होता. दिवाळीनंतर कधीतरी त्यांनी आमच्यातल्या एकाला स्टाफरूममध्ये गाठून, इकडेतिकडे पाहत, राजवाड्यांचा अमुक खंड जरा बघायला मिळेल का, असे विचारले. मग दुसरा. असे एकेक करून ते सगळे परत घेऊन गेले, दर वेळी ‘जरा संदर्भ पाहायचाय’ म्हणत, आणि आम्हीही दर वेळी तेच कारण खरे मानले. सर २०१९ पर्यंत होते. एक खंड आमच्याकडेच राहिला आहे. तो मागायचा ते विसरले असावेत, आणि द्यायचा आम्ही.